समुपदेशन कक्षाकडे कुणी फिरकत नाही, तेव्हा सुरुवात कुठून करायची?

प्रश्न असा आहे: कोल्हापूरजवळचं महाविद्यालय, अकरावी-बारावी धरून साधारण १८०० विद्यार्थी, मुलींचं एक वसतिगृह. समुपदेशन कक्ष काही वर्षांपासून आहे, मानसशास्त्राचे एक प्राध्यापक आपले तास सांभाळून तो बघतात, दर १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाचं व्याख्यान होतं. तरी कक्षात येणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी. मागच्या परीक्षेच्या वेळी वसतिगृहातल्या एका मुलीची अवस्था बिघडली, तेव्हा कुणी काय करायचं हेच कळेना. म्हणून विद्यार्थी कल्याण समिती विचारते आहे की नेमकं काय बदलायचं.

व्याख्यानं वर्षभर बंद ठेवली तरी काही बिघडणार नाही. मुलाचं काहीतरी बिनसलंय हे सगळ्यात आधी ज्याच्या नजरेला पडतं, त्याला पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं ते माहीत असणं, त्याने ते मूल कुणाच्या हवाली करायचं हे ठरलेलं असणं आणि दुसऱ्या दिवशी चौकशी कोण करणार त्याचं नाव लिहिलेलं असणं, या तीन गोष्टींवर सगळा डोलारा उभा राहतो. कक्ष हा त्यातला एक टप्पा. तुमच्याकडे कक्ष आहे, पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं काहीच नाही.

माणूस आणि त्याचे तास

आधी हिशोब करू. वर्षाला ५ टक्के मुलं येतील असं धरलं तर ९० होतात. प्रत्येकाच्या सरासरी चार बैठका धरल्या तर ३६० बैठका. आठवड्यातून तीन दिवस, रोज चार बैठका, अशा ३० आठवड्यांत तेवढं काम होतं. बैठक ४५ मिनिटांची, मध्ये १५ मिनिटं टिपण लिहायला आणि श्वास घ्यायला. म्हणजे तीन दिवस येणारा प्रशिक्षित समुपदेशक ही तुमची किमान गरज आहे. हा भार वर्षभर सारखा नसतो. परीक्षेचे अर्ज भरताना, परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस आणि निकालानंतरचा आठवडा, एवढ्यातच निम्मी गर्दी होते. त्या काळात पाच दिवस येण्याची तरतूद करारात आधीच लिहून ठेवा.

हे आता ऐच्छिकही राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं, हे त्यात आहे. व्यवस्थापनाकडून मंजुरी घेताना हा संदर्भ जोडा, फाइल लवकर हलते.

मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनाच हे काम देण्यात मोठी अडचण आहे, आणि ती त्यांच्या कुवतीची नाही. जे सर अंतर्गत गुण देतात, तोंडी परीक्षा घेतात, त्यांच्यापुढे बसून घरातलं कोण सांगेल? सांगितलंच तर पुढच्या तासाला पहिल्या बाकावर बसायला मन धजत नाही. त्यांना समन्वयक ठेवा, समुपदेशक बाहेरचा आणा. पदव्युत्तर पदवी समुपदेशन किंवा चिकित्सा मानसशास्त्रातली हवी. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते. तो क्रमांक मागून घ्या आणि तपासा. दोन दिवसांच्या प्रमाणपत्रावर ‘लाइफ कोच’ झालेली मंडळी या पदासाठी उत्साहाने अर्ज करतात. त्यांना व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर घेऊ द्या, कक्षाची किल्ली देऊ नका.

खोली आणि वेळ

खोली प्राचार्यांच्या दालनाशेजारी असेल तर ती रिकामीच राहणार, कारण बाहेरच्या बाकावर बसलेल्याला येणारे-जाणारे सगळे बघतात. ग्रंथालय, जिमखाना किंवा एनएसएसच्या खोलीकडे जाणाऱ्या वाटेवरची जागा निवडा, जिथे जायला दुसरंही कारण असू शकतं. दार बंद होणारं हवं, पण आतून कडी नको. बाहेर आवाज जातो का ते एकाने आत मोठ्याने वाचून आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहून पाहा; पार्टिशनच्या खोल्या इथेच नापास होतात. टेबल मध्ये न घेता खुर्च्या थोड्या तिरक्या मांडा, म्हणजे समोरासमोर डोळ्यांत बघत बसावं लागत नाही. पाण्याची बाटली, रुमाल-कागद, भिंतीवर घड्याळ. पाटीवर ‘विद्यार्थी सहाय्य कक्ष’ एवढंच लिहा. तिथेच शिष्यवृत्तीची, वसतिगृह भत्त्याची माहितीही मिळते असं झालं तर उत्तमच. मूल महाडीबीटीच्या, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जाचं निमित्त करून येतं आणि खरं बोलणं उठता उठता काढतं.

वेळेचा घोळ तर जवळपास सगळीकडे असतो. कक्ष दुपारी तीन ते पाच उघडा ठेवतात. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडून एसटीने येणारी मुलं तोवर स्टँडवर पोचलेली असतात. गाडी चुकली तर पुढची कधी, हा प्रश्न मनाच्या प्रश्नापेक्षा मोठा ठरतो. पासधारक मुलांची यादी कार्यालयात असतेच. ती कुठल्या वाटेने आणि कुठल्या गाडीने येतात ते बघून वेळ ठरवा. साधारण साडेदहा ते दोन हा पट्टा चालतो. त्यासाठी तास बुडाला तर हजेरी जाऊ नये म्हणून एक चिठ्ठी ठेवा: ‘विद्यार्थी कार्यालयीन कामासाठी उपस्थित होता’, खाली समन्वयकाची सही, कक्षाचं नाव नाही. भेट ठरवायला एका वेगळ्या सिमकार्डवर व्हॉट्सअॅप पुरतं. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक लिहायचा.

पहिली नजर कुणाची?

प्राध्यापकांची नसते. ती फीच्या खिडकीवरच्या क्लार्कची असते, प्रयोगशाळा परिचराची, ग्रंथपालाची, वसतिगृहाच्या मावशींची, मेसवाल्या काकूंची, गेटवरच्या शिपाईमामांची असते. पोरगी तीन दिवस ताटाला आलेली नाही हे काकूंना माहीत असतं, वर्गशिक्षकाला नसतं. म्हणून प्रशिक्षणाची पहिली तुकडी या लोकांची करा. एका वेळी २५ जण, तीन तास, त्यातला निम्मा वेळ प्रत्यक्ष बोलून बघण्याचा. पडद्यावर स्लाइड दाखवत इंग्रजी आजारांची नावं सांगितली की माणसं चहाची वाट बघतात.

बघायचं काय, तर बदल. मुळातच अबोल असलेल्या पोराचं गप्प राहणं हे लक्षण नव्हे. बडबड्या पोराचं गप्प होणं आहे. प्रॅक्टिकलला सलग गैरहजेरी, जर्नल अर्धवट सोडून देणं, परीक्षेचा अर्ज न भरणं, दिवसा झोप आणि रात्री जागरण, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, उधारी अचानक फेडणं, ‘आता काय, सगळं संपलंच’ अशी भाषा. आणि एक फसवं लक्षण: फार दिवस खचलेलं मूल एकाएकी शांत आणि हलकं दिसू लागलं, पण परिस्थितीत काहीच बदललेलं नाही. तिथे हायसं वाटून घेऊ नका, त्याच दिवशी बोला.

आपल्याकडची मुलं ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाहीत. ‘मन लागंना झालंय’, ‘डोकं चालंना’, ‘छातीत धडधडतंय’, ‘रूमवर बसू वाटंना, घरी बी जाऊ वाटंना’ असं म्हणतात. कित्येकदा तेही नाही. डोकेदुखी, पित्त, हातापायाला मुंग्या अशी तक्रार घेऊन आरोग्य केंद्रात चकरा मारतात. खिडकीवरचा एक प्रसंग दोन प्रकारे घडू शकतो. मुलगा विचारतो, “सर, फॉर्म नाही भरला तर काय हुईल?” क्लार्क म्हणतो, “काय हुणार, वरीस जाईल. पुढचा कोण आहे?” संपलं. आता दुसरा प्रकार:

“का रं, भरायचा न्हाई का? पैशाचं काय हाय का?”

“पैशाचं न्हाई सर. मन लागंना झालंय.”

“किती दिवस झालं?”

“गणपतीच्या आधीपास्नं.”

“बरं. जरा आत येऊन बस. फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत हाय, त्याचं बघू. आमच्या मॅडम हायत, त्यांच्याशी बोलशील का? मी येतो तुझ्यासंगं.”

क्लार्कने समुपदेशन केलेलं नाही. त्याने एक मिनिट थांबवलं, मुदतीची धास्ती काढली आणि सोबत चालत गेला. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. ‘तिकडे कक्ष आहे, जा’ म्हटलेली बहुतेक मुलं वाटेतच परत फिरतात. सोबत नेलेलं मूल पोचतं.

काय बोलू नये तेही स्पष्ट सांगावं लागतं: ‘टेन्शन घेऊ नको’, ‘आमच्या वेळी कंदिलात अभ्यास केला’, ‘आईबापाचा विचार कर’, ‘तालमीत जा, व्यायाम कर, सगळं पळून जातंय’. व्यायामाने फायदा होतो हे खरं, पण खचलेल्या माणसाला तो पहिल्याच वाक्यात सांगितला की ‘माझंच चुकतंय’ एवढंच त्याला ऐकू येतं. आईबापाचा दाखला तर उलटा पडतो. आपण घरच्यांवर ओझं झालोय हेच तर त्याच्या डोक्यात फिरत असतं.

थेट विचारायचं

कर्मचाऱ्यांना सगळ्यात भीती वाटते ती हा प्रश्न विचारायची. विचारल्याने मनात नसलेलं भरतं हा समज चुकीचा आहे. मोकळेपणाने विचारल्यावर मुलाला सुटल्यासारखं वाटतं. शब्द साधे ठेवा: ‘जगू नये असं कधी मनात येतंय का?’ उत्तर हो आलं तर आणखी तीन गोष्टी, त्याच संथ आवाजात: असं कधीपासून वाटतंय, कसं करायचं हे ठरवलंय का, कधी करायचं हे ठरवलंय का. विचार येतात पण काही ठरवलेलं नाही, तर त्याच दिवशी समुपदेशकाची भेट. काही ठरवलेलं आहे, साधन हाताशी आहे किंवा पूर्वी प्रयत्न झालेला आहे, तर हा तातडीचा प्रसंग आहे आणि कक्षाच्या वेळापत्रकाचा इथे संबंध नाही.

तातडीच्या प्रसंगाचा एकच कागद करा, ए-फोर आकाराचा, मोठ्या अक्षरांत, गेट, कार्यालय, वसतिगृह आणि जिमखान्यात लावलेला. त्यात हे हवं. मुलाला एक क्षणही एकटं सोडायचं नाही, बाथरूमपर्यंतही सोबत, मुलीसोबत बाईमाणूस. गर्दी पांगवायची, दोनच माणसं राहतील. हाताशी जे धोक्याचं असेल ते गोड बोलून बाजूला घ्यायचं, हिसकावायचं नाही. समन्वयकाला आणि तो न मिळाल्यास दुसऱ्या ठरलेल्या माणसाला फोन. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, तोच १८००-८९१-४४१६. काही करून घेतलं असेल तर कुणालाही विचारत न बसता १०८ ची रुग्णवाहिका आणि थेट सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. सोबत जाणाऱ्याने मुलाचं ओळखपत्र, चालू गोळ्यांची पाकिटं, घरचा क्रमांक आणि चार्ज असलेला मोबाइल घ्यायचा. किती वाजता काय झालं ते लिहीत राहायचं. या कागदावरची दोन माणसं बदलली की कागद बदलायचा. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या सरांचा नंबर भिंतीवर तसाच असणं हे नेहमीचं दृश्य आहे.

पोलिसांच्या भीतीने संस्था रुग्णालयात न्यायला कचरतात, किंवा ओळखीच्या लहान दवाखान्यात गुपचूप नेतात आणि वेळ घालवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, तिच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नसते आणि तिच्या उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर आहे. रुग्णालय वैद्यकीय-कायदेशीर नोंद करेल, ती त्यांची नेहमीची पद्धत आहे. त्याला घाबरून उशीर करू नका.

धोका टळल्यावर समुपदेशकाने मुलासोबत बसून सुरक्षेचा आराखडा लिहायचा. अर्ध्या तासाचं काम आहे. वादळ यायच्या आधी मला काय जाणवतं; तेव्हा मी एकटा काय करू शकतो; कुणाकडे किंवा कुठे जाऊन बसलं की मन दुसरीकडे वळतं; मदत कुणाकडे मागायची; डॉक्टर आणि हेल्पलाइनचे क्रमांक; आणि आजूबाजूची जागा सुरक्षित कशी करायची. मुलाच्याच शब्दांत लिहा, एक फोटो त्याच्या मोबाइलमध्ये. शेवटचा मुद्दा शेतकरी घरात फार कामाचा आहे. उसाचं तणनाशक, कीटकनाशक गोठ्यात किंवा माडीवर उघडं पडलेलं असतं. घरच्यांशी बोलताना ते कुलपात ठेवायला आणि किल्ली मोठ्या माणसाकडे द्यायला स्पष्ट सांगा. ती लाट बहुधा थोड्या वेळाची असते, आणि तेवढ्यात हाताशी काही नसणं जीव वाचवतं. वसतिगृहाच्या गच्चीचं दार आणि खोल्यांतल्या पंख्यांची सुरक्षा याच तर्काने तपासायची. न्यायालयाच्या सूचनांतही निवासी संस्थांसाठी पंख्यांचा मुद्दा आहे.

घरी कळवायचं ते कसं

अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय घरी सांगायची नाही. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र सांगावंच लागतं, आणि हे पहिल्याच बैठकीत त्याला सांगून ठेवायचं, नाहीतर पुढे विश्वासघात वाटतो. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आत असल्याने त्यांच्या उपचाराला पालक लागतातच. आणि त्यांच्यापैकी कुणी लैंगिक अत्याचाराबद्दल बोललं तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; तिथे ‘आपापसात मिटवू’ हा पर्याय कुणालाच नाही.

कळवायचं ठरलं तरी ‘वडिलांचा नंबर सांग’ ही सुरुवात नको. ‘घरातल्या कुणाला सांगितलं तर तुला चालेल?’ असं विचारा. मामा, थोरली बहीण, आत्या, चुलतभाऊ, कुणीतरी निघतं. प्रेमप्रकरण किंवा जातीबाहेरच्या मैत्रीतून ताण आलेला असेल तर वडिलांना आलेला एक फोन धोका वाढवू शकतो. फोनवर सगळी कथा सांगू नका: ‘तब्येत बरी नाही, आम्ही सोबत आहोत, आज येऊन भेटा, येताना रागावून येऊ नका.’ एवढं पुरे. आल्यावर आधी त्यांना पाणी द्या, समुपदेशकाशी दहा मिनिटं बोलू द्या, मग मुलाला भेटवा.

चाचण्या आणि गूगल फॉर्म

दर वर्षी कुणीतरी उत्साहाने १८०० मुलांना पीएचक्यू-९ चा, म्हणजे नैराश्याचा अंदाज घेणाऱ्या प्रश्नावलीचा गूगल फॉर्म पाठवतं. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर पुढची तपासणी करायची. साधन चांगलं आहे. पण नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्यात ० सोडून काहीही उत्तर आलं तर गुणांची बेरीज न बघता त्या मुलाशी त्याच दिवशी बोलावं लागतं. फॉर्म शनिवारी पाठवला, उत्तरं पुढच्या गुरुवारी उघडली, तर मधले पाच दिवस एका मुलाने ‘हो’ लिहून वाट बघितलेली असते. चोवीस तासांत पोचण्याची माणसं नसतील तर हा फॉर्म पाठवूच नका. एकेका वर्गाला, समुपदेशक हजर असताना, कागदावर द्या. संस्थेला नुसता एकूण अंदाज हवा असेल तर डब्ल्यूएचओ-५ हे मनःस्वास्थ्याबद्दलच्या पाच प्रश्नांचं साधन निनावी भरून घ्या: प्रत्येकी ० ते ५, बेरजेला ४ ने गुणायचं, ५० किंवा त्याखाली आलं तर तो वर्ग कोमेजलेला आहे असं समजायचं. परीक्षेच्या आठवड्यात घेतलं तर सगळेच वर्ग कोमेजलेले दिसतात.

सगळंच मनाचं नसतं

कक्षात येणाऱ्या बऱ्याच मुलांना आजार नसतो, अडचण असते. उसाचं बिल अडकलं म्हणून फी थकली, जात पडताळणी रखडली, महाडीबीटीवर अर्ज ‘त्रुटी’त गेला, केटी म्हणजे मागचा विषय राहिला, मेसचे पैसे नाहीत. अशा मुलाला दीर्घ श्वसन शिकवणं ही चेष्टा आहे. म्हणून कक्षाला कार्यालयातला एक जाणता क्लार्क जोडून द्या, आणि हप्ते पाडून देण्याचा अधिकार प्राचार्यांनी त्याला लेखी द्यावा. किती मुलींना अजून हेही माहीत नसतं की २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासकीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.

‘नापास झालास तर पुढे काय’ असा एक छापील कागद काढा. छायाप्रत कशी मागायची, पुनर्मूल्यांकनाची मुदत, पुढच्या सत्रात बसता येतं का, शिष्यवृत्तीवर काय परिणाम, कुणाला भेटायचं. निकाल ऑनलाइन संध्याकाळी लागतो, तेव्हा कार्यालय बंद असतं आणि मूल खोलीत एकटं असतं. तो कागद निकालाच्या आदल्या दिवशीच वर्गाच्या ग्रुपवर गेलेला हवा. एवढ्या एका कागदाने पहिल्या रात्रीचा अंधार पुष्कळ कमी होतो.

पुराचं वेगळं. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने शिरोळ-करवीरमधल्या घरांत पाणी घातलं. तेव्हा मुलांचे मूळ दाखले, वह्या, जनावरं गेली. जुलै-ऑगस्टमध्ये धोक्याच्या पातळीच्या बातम्या सुरू झाल्या की नदीकाठच्या गावांतल्या मुलांना वर्गशिक्षकाने फोन करून एवढंच विचारावं, घर कसं आहे. पुढच्या पावसाळ्यातही या मुलांची झोप उडते. ते नाटक नसतं.

वसतिगृह

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची बोर्डिंगं उभी केली त्या गावात वसतिगृह म्हणजे नुसती निजायची सोय असं कुणी म्हणू नये. तरी अनेक ठिकाणी रेक्टर म्हणजे रजेच्या अर्जावर सही करणारा माणूस उरला आहे. रात्री साडेनऊच्या फेरीत प्रत्येक खोलीच्या दारात अर्धा मिनिट थांबणं, जेवलीस का विचारणं आणि मेसची ताटं मोजणं, हे रेक्टरचं खरं काम. सलग दोन दिवस ताट नाही तर तिसऱ्या दिवशी सकाळी समन्वयकाला कळवायचं. रॅगिंग रोखण्यासाठी यूजीसीची २००९ ची नियमावली आणि १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आहे. तो फलकावर असतो, पण तक्रार केल्यावर खोली बदलून मिळते का, हे मुलं बघत असतात.

विद्यार्थी स्वयंसेवक नेमायचे असतील तर ३०-४० मुलांमागे एक, आणि दोनच नियम: जिवाच्या धोक्याचं गुपित ठेवायचं नाही, आणि ऐकलेलं त्याच दिवशी वर पोचवायचं. दर पंधरा दिवसांनी समुपदेशकाने त्यांची बैठक घ्यावी. त्यांना ‘पीअर कौन्सेलर’ असा बिल्ला देऊन रात्री दोनपर्यंत मित्राचं ऐकत बसवलं तर दोघांचीही तब्येत जाते.

डॉक्टरकडे पाठवल्यावर

सीपीआरच्या मानसोपचार विभागात किंवा खासगी डॉक्टरांकडे पाठवताना चिठ्ठीत चार ओळी हव्यात: काय दिसलं, कधीपासून, धोक्याबद्दल काय विचारलं, संपर्क कुणाचा. सरकारी ओपीडीला सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो. पहिल्या वेळी कुणीतरी सोबत जावं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ आणि गुंगी मात्र पहिल्याच आठवड्यात येते. त्यामुळे मुलं पाचव्या दिवशी गोळी सोडतात. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता आणि आत्मघाताचे विचार वाढू शकतात, म्हणून पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा भेट पक्की ठेवा. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही, डॉक्टरच हळूहळू कमी करतात. घरचे देवर्षीकडे, म्हणजे अंगारे-धुपारे करणाऱ्या भगताकडे नेत असतील तर वाद घालत बसू नका. अंगारा लावायला हरकत नाही, गोळी चुकवू नका, एवढं कबूल करून घ्या. मारहाण किंवा कोंडून ठेवणं असेल तर मात्र २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तिथे गप्प बसायचं नाही.

परत आलेल्या मुलाची वीस मिनिटांची बैठक घ्या: हजेरी, राहिलेली प्रात्यक्षिकं, कोणत्या परीक्षा पुढे ढकलायच्या. सगळ्या शिक्षकांना ‘वैद्यकीय कारण’ एवढंच सांगायचं.

एखादा विद्यार्थी गेलाच, तर

पहिल्या तासातच व्हॉट्सअॅपवर काय फिरेल हे ठरतं. घरच्यांना विचारून, प्राचार्यांच्या नावाने दोन ओळी द्या: आपल्या महाविद्यालयातील अमुक वर्गाच्या विद्यार्थ्याचं निधन झालं, ज्यांना बोलायचं आहे त्यांच्यासाठी अमुक खोली आज आणि उद्या दिवसभर उघडी आहे. कसं झालं, चिठ्ठीत काय होतं, हे नको. गेटवर मोठा फ्लेक्स, त्यावर फोटो आणि ‘भावा, तुझ्यासारखा तूच’ अशा ओळी हे आपल्याकडे लगेच उभं राहतं. मंडळाच्या पोरांना विश्वासात घेऊन ते टाळा, कारण आधीच काठावर असलेल्या मुलाला त्यात मरणाचा मान दिसतो. खोलीतले सोबती, जवळचे मित्र, ज्याच्याशी शेवटचं भांडण झालं तो, आणि पूर्वी स्वतः प्रयत्न केलेली मुलं, यांची यादी त्याच संध्याकाळी करून एकेकाला भेटायचं. वर्ग दोन दिवसांत पूर्ववत सुरू करा. पहिल्या वर्षश्राद्धाच्या सुमारास पुन्हा एकदा त्या यादीकडे बघा.

नोंदी, मोजमाप आणि सुट्टी

बैठकीची टिपणं समुपदेशकाच्या कुलपात. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये फक्त आकडे. ‘लाभार्थी विद्यार्थ्यांची नावं व सह्या’ मागणारा तक्ता आला तर तो भरायचा नाही, हे समन्वयकाने ठणकावून सांगावं. मोजायचं असेल तर तीन गोष्टी मोजा: मूल पहिल्यांदा नजरेस आल्यापासून भेटीपर्यंत किती दिवस गेले, दुसऱ्या बैठकीला किती जण परत आले, आणि डॉक्टरकडे पाठवलेल्यांपैकी किती जण खरंच पोचले. व्याख्यानाला किती उपस्थित होते, यातून काहीच कळत नाही.

समुपदेशकाचा करार बहुतेक ठिकाणी ३० एप्रिलला संपतो. निकाल त्यानंतर लागतात, आणि गोळ्या चालू असलेली मुलं तेव्हा चंदगड-आजऱ्याला आपापल्या घरी असतात. करार पुनर्मूल्यांकनाची मुदत संपेपर्यंतचा करा, आठवड्यातले दोन दिवस फोनवरच्या भेटीचे ठेवा, आणि सुट्टी लागण्याआधी चालू असलेल्या प्रत्येक मुलाकडे तीन गोष्टी आहेत का ते बघा: सुट्टीभर पुरतील इतक्या गोळ्यांची चिठ्ठी, फोनची ठरलेली तारीख-वेळ, आणि गावात सांगता येईल अशा एका माणसाचं नाव.